कॉलेजच्या खर्चासाठी बाहेरची शिष्यवृत्ती : शोधायची कुठे, अर्ज भरायचा कसा

शिष्यवृत्तीचा अर्ज बाद झाला की घरात पहिली चर्चा होते ती मुलाच्या टक्क्यांची. खरं तर अर्ज अडकतात ते मुदत संपलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर, आधारवरच्या वेगळ्या नावावर, उलटून गेलेल्या तारखेवर, नाहीतर ज्या संस्थेच्या अटीत मूल बसतच नाही तिच्याकडे अर्ज केल्यामुळे. या चारही गोष्टी पालकांच्या हातातल्या आहेत. बाहेरची शिष्यवृत्ती म्हणजे कॉलेज स्वतः देतं त्यापलीकडची मदत : विश्वस्त संस्था, कंपन्यांची फाउंडेशनं, कामगार मंडळं, महापालिका, ज्ञातिसंस्था. मूल महाराष्ट्रातलं आहे आणि दहावीनंतर डिप्लोमाला किंवा बारावीनंतर पदवीला जातंय, असं धरून पुढचं सगळं सांगितलं आहे.

आधी सरकारी हक्काचं पदरात घ्या

कुठल्याही खासगी ट्रस्टच्या अर्जात एक रकाना असतोच : सरकारकडून काय मिळालं? तिथे ‘अर्ज केला नाही’ असं लिहिलं की समोरचा माणूस फाइल बाजूला ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून सुरुवात महाडीबीटीपासून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलपासून.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे आणि ही सवलत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींनाही आहे. यातली एक अट प्रवेश घेतानाच लक्षात ठेवायची : प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली, किंवा खासगी अभिमत विद्यापीठात वा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात प्रवेश घेतला, तर ही सवलत गेली. ‘थोडं बरं कॉलेज’ म्हणून अशी जागा घेणारी घरं चार वर्षांत काही लाख रुपयांचा हक्क सोडून देतात. पर्याय भरण्याआधी हा हिशेब करा.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत.

केंद्राच्या बहुतेक योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, असतात. तांत्रिक पदवी-डिप्लोमाच्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती (वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुली), ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सक्षम, आणि बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्या, साडेचार लाखांच्या आतल्या घरातल्या मुलांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती, पदवीला वर्षाला १२ हजार. मूलभूत विज्ञान घेणाऱ्या, बोर्डात वरच्या १ टक्क्यातल्या मुलांसाठी इन्स्पायरची वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती आहे.

दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा एकत्र घेता येत नाहीत. दोन्ही मंजूर होऊन नंतर वसुलीचं पत्र येण्यापेक्षा आधीच जिथे रक्कम मोठी आहे ती निवडावी.

किती कमी पडतंय ते कागदावर मांडा

समजा, सातारा जिल्ह्यातल्या गावातली मुलगी पुण्यात खासगी कॉलेजात कॅपमधून इंजिनिअरिंगला लागली. शिक्षण शुल्क १ लाख १२ हजार. ते माफ. इथे ‘फी माफ झाली’ म्हणून घर निर्धास्त होतं. पण विकास शुल्क या माफीत येत नाही : १८ हजार. वसतिगृह ५५ हजार. मेस महिना ३,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३८ हजार. लॅपटॉप आणि पुस्तकं ४५ हजार. जाणं-येणं ९ हजार. बेरीज १ लाख ६५ हजार. घरून ६० हजार निघतात. म्हणजे शोधायचे आहेत १ लाख ५ हजार.

हा एक आकडा हाती आला की पुढची कामं सोपी होतात. प्रगतीचे ५० हजार घेण्यासाठी १ लाख १२ हजारांची माफी सोडायची नाही, हे लगेच कळतं. आणि ट्रस्टकडे ‘फीसाठी मदत हवी’ असं न लिहिता ‘शिक्षण शुल्क शासनाकडून माफ आहे, वसतिगृह व मेससाठी मदत हवी’ असं लिहिता येतं. माफ झालेल्या फीसाठी पैसे मागणारे अर्ज ट्रस्टला पहिल्याच चाळणीत दिसतात.

कागदपत्रं : एप्रिल-मेमध्येच

उत्पन्नाचा दाखला सगळ्यात आधी. तो तहसीलदाराचा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या अर्जाला चालत नाही. १ एप्रिलनंतर नवा काढा. निकाल लागल्यावर सेतूत रांगा लागतात, तलाठ्याचा अहवाल मिळायला आठवडे जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रवेशाची धावपळ असते. दाखल्यात आई-वडील दोघांचं उत्पन्न धरलेलं हवं.

खासगी संस्था दाखल्यासोबत फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्रही मागतात, आणि तिथे शेतकरी घरांची अडचण होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रात आकडा छोटा दिसतो, तहसीलदाराच्या दाखल्यात मोठा. तपासणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय. सातबारा आणि आठ-अ जोडून दोन ओळींचा खुलासा सोबत द्या : विवरणपत्रात इतके, शेतीचे इतके, मिळून दाखल्यात इतके.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं; आधारवर मुलाचं नाव आधी; बँकेत कधी वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरावर. संगणक हे जुळवताना अडतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार व बँक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, स्पेलिंगसकट. ‘ee’ आणि ‘i’ मधला फरकसुद्धा अडायला पुरतो, म्हणून इंग्रजी नाव अक्षर-अक्षर लावून बघा.

बँक खात्यात दोन वेगळ्या गोष्टी तपासा. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं थेट लाभासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेलं असणं, या दोन एकच नव्हेत. एका आधारवर एकाच बँकेची अशी नोंद राहते, ज्या बँकेत सगळ्यात शेवटी केली तिची. मुलानं कॉलेजजवळ नवं खातं काढलं आणि तिथे फॉर्मवर थेट लाभाच्या नोंदीची टिक केली की सरकारी पैसा त्या नव्या खात्यात जातो, आणि घरचे जुन्या पासबुकात वाट बघत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची (या नोंदीची) स्थिती दिसते, अर्ज करण्याआधी बघा. शिवाय केवायसी पूर्ण नसलेल्या छोट्या खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. मोठी रक्कम आली तर परत जाते.

उरलेले कागद : अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड, फीची पावती. आणि एक कागद जो बहुतेक जण विसरतात : कॉलेजच्या लेटरहेडवर, शिक्का-सहीसह, सगळ्या वर्षांचा फीचा तक्ता, शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, वसतिगृह असं वेगवेगळं दाखवलेला. तो कार्यालयात एकदाच मागून पाच-सहा प्रती काढून ठेवा. खासगी मेसवाल्याकडूनही शिक्क्याची पावती घ्यायला सुरुवात करा.

सगळं एकदाच नीट स्कॅन करा. महाडीबीटीवर फाइल २५६ केबीच्या आत लागते. मोबाइलवर अंधारात काढलेला, कडा कापलेला फोटो चढतो खरा, पण कॉलेजमधला पडताळणी करणारा कारकून तो परत पाठवतो, आणि परत आलेल्या अर्जाची मुदत छोटी असते. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून अर्जाची स्थिती बघण्याची सवय ठेवा.

शोध घरापासून सुरू करा

आई-वडील काय काम करतात, याच्याशी बांधलेली मदत सगळ्यात दुर्लक्षित असते. वडील किंवा आई गवंडी, सुतार, रंगारी, सेंट्रिंगवाले असतील आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असेल, तर पहिल्या दोन मुलांना शैक्षणिक साहाय्य मिळतं : पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख. अडचण येते ती नोंदणीत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचं नूतनीकरण झालेलं हवं. मूल अकरावीत असतानाच हे करून घेतलं तर बारावीनंतर अडत नाही.

कारखान्यात, बँकेत, दुकानात नोकरी असेल तर जून आणि डिसेंबरची पगारपावती काढून बघा. कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसली, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीला पाल्य पात्र ठरू शकतो. रक्कम थोडी असते, पण जवळच्या कामगार कल्याण केंद्रात अर्ज मिळतो. सोलापूर, सिन्नरकडच्या विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती एनएसपीवर आहे, व्यावसायिक पदवीला वर्षाला २५ हजारांपर्यंत. माजी सैनिकांच्या मुलांना प्रधानमंत्री शिष्यवृत्तीतून मुलाला महिना २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. बारावीत ६० टक्के आणि व्यावसायिक पदवीचं पहिलं वर्ष ही अट. कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

मग आपलं गाव, आपलं शहर. पुणे महापालिका हद्दीतल्या गुणवंत विद्यार्थ्यांना दहावीनंतर १५ हजार आणि बारावीनंतर २५ हजार देते. इतर महापालिकांच्या समाजविकास किंवा शिक्षण विभागातही चौकशी करा. वडिलांची पतपेढी, सोसायटी, ज्ञातिसंस्था, गावची मुंबईतली मंडळं यांचे गुणगौरवाचे आणि मदतीचे अर्ज जून-जुलैत निघतात.

जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना विसरू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकारापुढच्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. कंपनी स्वतः चेक देईलच असं नाही, बहुधा एखाद्या संस्थेमार्फत काम चालतं. म्हणून कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला थेट मदत न मागता एवढंच विचारा : तुमचा शिष्यवृत्तीचा निधी कोणत्या संस्थेकडून वाटला जातो? त्या संस्थेचं नाव मिळालं की निम्मं काम झालं.

जुने छोटे ट्रस्ट हा माझ्या मते सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी वापरलेला मार्ग. विश्वस्त संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. ‘शिक्षण साहाय्य’ हा उद्देश असलेले आपल्या जिल्ह्यातले ट्रस्ट तिथून, जुन्या शाळा-कॉलेजांच्या नोटीस बोर्डवरून आणि ग्रंथालयांतून कळतात. यातले कित्येक आजही छापील अर्जच घेतात. तो अमुक आठवड्यात, दुपारी तीन ते पाचमध्ये मिळतो, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट द्यावं लागतं. मिळतात तीन हजार, पाच हजार, फार तर दहा. पण अर्ज कमी येतात आणि विश्वस्त मुलाला समोर बसवून बोलतात. असे पाच ट्रस्ट जमले तर वर्षाची मेस सुटते.

रोख मदतीइतकंच वजन स्वस्त राहण्या-जेवणाला द्या. पुण्यात १९५५ पासून चालणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांची वसतिगृहं ग्रामीण, गरजू मुलांसाठी आहेत. अर्ज निकालाच्या सुमारास निघतात आणि जागा मर्यादित असतात. वरच्या हिशेबात ५५ आणि ३८ हजारांचे दोन आकडे होते. तिथे जागा मिळाली तर ते दोन्ही एकदम खाली येतात.

मोठी फाउंडेशनं : अट वाचूनच अर्ज

रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमासाठी २ लाखांपर्यंत आहे, शाखा कोणतीही. बारावीत ६० टक्के, पदवीचं पहिलं वर्ष, उत्पन्न १५ लाखांच्या आत, पण अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य. ऑनलाइन कल चाचणी द्यावी लागते. अर्ज भरून चाचणी राहिली तर अर्ज अपूर्ण धरतात. कोटक कन्या मुलींसाठी, व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला, उत्पन्न ६ लाखांपर्यंत, वर्षाला दीड लाख. कॉलेजच्या मानांकनाची अट आहे, ती आधी तपासा. पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन पुणे, अमरावती, वर्धा, नागपूर अशा ठरावीक जिल्ह्यांतल्या मुलींनाच घेतं, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या साताऱ्याच्या मुलीनं तिथे वेळ घालवण्याआधी जिल्ह्याची अट बघावी. सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमा करणाऱ्यांसाठी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. इंजिनिअरिंग-वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या गरजू मुलांसाठी फाउंडेशन फॉर एक्सलन्स.

‘पहिलं वर्ष’ हा शब्द वारंवार येतोय, तो गंभीरपणे घ्या. मोठ्या शिष्यवृत्त्यांचं दार बहुतेक पहिल्याच वर्षी उघडं असतं. ‘यंदा कसंबसं भरू, पुढच्या वर्षी बघू’ हा निर्णय सर्वांत महाग पडतो.

काही ठिकाणी ‘लोन स्कॉलरशिप’ असते. १८९२ साली सुरू झालेलं जे. एन. टाटा एंडाउमेंट परदेशी उच्च शिक्षणासाठी अशीच मदत देतं. ती परत करायची असते. मदत चांगली आहे, पण घरात ती कर्ज म्हणूनच लिहा.

बडी४स्टडी, विद्यासारथी या संकेतस्थळांवर यादी एकत्र मिळते. तिथे शोधा, मात्र रक्कम, अट आणि शेवटची तारीख संस्थेच्या स्वतःच्या पानावर ताडून घ्या. मागच्या वर्षीची पानं तशीच राहिलेली असतात. पुरेपूर पात्र असलेल्या आठ-दहा ठिकाणी नीट अर्ज केलेले बरे. चाळीस ठिकाणी सारखाच मजकूर चिकटवून काही होत नाही. वहीत संस्थेचं नाव, शेवटची तारीख, लॉगिन, दिलेले कागद, पुढची पायरी एवढंच लिहा आणि तारखेनुसार लावा.

अर्जातला मजकूर

‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, तरी कृपया मदत करावी.’ हे वाक्य विश्वस्त एका दिवसात शंभर वेळा वाचतात. त्याऐवजी असं : ‘वडील भाड्याची रिक्षा चालवतात. भाडं व गॅस जाऊन महिन्याला १४ हजार उरतात. आई दोन घरी स्वयंपाक करून ६ हजार मिळवते. धाकटा भाऊ नववीत आहे. घरभाडं ५,५०० आहे. माझा वर्षाचा खर्च १ लाख ६५ हजार, घरून ६० हजार देऊ शकतो.’ यात एकही विशेषण नाही आणि वाचणाऱ्याला घर दिसतं. मात्र हे आकडे उत्पन्नाच्या दाखल्याशी जुळायला हवेत. दरमहा २० हजार लिहिले तर दाखल्यावर २ लाख ४० हजारांच्या आसपासचा आकडा हवा. इथे दाखला ६० हजारांचा असेल तर अर्ज तिथेच संपतो.

‘हा अभ्यासक्रम का’ या प्रश्नावर मुलानंच लिहावं. सायबर कॅफेत भरून घेतलेल्या अर्जांत दहा मुलांची उत्तरं एकसारखी असतात. मराठीत उत्तर चालत असेल तर मराठीतच द्या; मोडक्या इंग्रजीनं काही वाढत नाही. मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचा किंवा पालकांचा द्या, कॅफेवाल्याचा कधीच नको. ओटीपी आणि मुलाखतीचा निरोप तिकडे जातो आणि महिनाभरानं कळतं.

मुलाखतीत मुलाला विचारतात : फी किती, कशी भरली, पहिल्या सहामाहीत विषय कोणते, नापास झालास तर काय करशील. काही संस्था गृहभेट घेतात. घर सजवू नका, लपवू नका. दारात दुचाकी असेल तर ती हप्त्यावर आहे का, कामासाठी लागते का ते सरळ सांगा. पालकांनी उत्तरं देत बसू नये. निवड मुलाची आहे.

पैसे येईपर्यंत आणि आल्यानंतर

मंजुरी आणि पैसे यांत काही महिने जातात, तोवरची तजवीज करून ठेवा. सरकारी सवलतीची रक्कम मुलांकडून आगाऊ मागू नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिल्या आहेत. उरलेल्या फीसाठी कॉलेजला अर्ज देऊन हप्ते मागा आणि उत्तर लेखी घ्या. काही ट्रस्ट चेक थेट कॉलेजच्या नावानं देतात. तुम्ही फी आधीच भरली असेल तर कॉलेज ती रक्कम परत देईल का, पुढच्या वर्षात वळती करेल का, हे चेक जमा करण्याआधी विचारा.

नोंदणी शुल्क, प्रक्रिया शुल्क, ‘शिष्यवृत्ती सोडवण्यासाठी’ पैसे मागणारा फोन आला तर थांबा. महाडीबीटी आणि एनएसपी फी घेत नाहीत, खरी फाउंडेशनंही घेत नाहीत. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही.

एका ठिकाणाहून मदत मिळाली की बाकीच्यांना कळवा. बहुतेक ट्रस्ट मदत थांबवत नाहीत, फार तर रक्कम कमी करतात. न सांगता दोन पावत्यांवर एकच खर्च दाखवला तर मात्र दोन्हीकडून नाव कटतं. नूतनीकरण आपोआप होत नाही. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला दरवर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, खासगी संस्था एटीकेटी लागली की प्रश्न विचारतात. विषय राहिला तर निकालाच्या आठवड्यातच कारण आणि पुढच्या परीक्षेची तारीख लिहून कळवा. आजारपण असेल तर डॉक्टरांचा कागद जोडा. दरवर्षी निकालाची प्रत, फीची पावती आणि बोनाफाईड मागण्याआधी पाठवा, आणि सोबत मुलाच्या हातचं पत्र : पैसे कशावर खर्च झाले, कोणते विषय आवडले, पुढच्या वर्षी किती लागतील.